जिभेला चिकटलेला देव

दिवाळी सरली, की अकोटला आमच्या घरात सगळे खोकायला लागायचे. थंडीनं नव्हे. जिनिंग सुरू व्हायचं म्हणून. बाबा कापसातली सरकी वेगळी करणाऱ्या रेच्यावर उभे राहायचे, माय सरकीच्या ढिगाशी बसायची, आणि संध्याकाळी दोघं घरी यायचे ते म्हातारे होऊन. भुवया पांढऱ्या, केस पांढरे, बाबांच्या मिशा पांढऱ्या. माय पदरानं तोंड पुसायची आणि पुन्हा तरुण व्हायची. कापसाचा तो बारीक तूस माठातल्या पाण्यावर तरंगायचा, भाकरीत यायचा, श्वासात तर असायचाच. एवढा कापूस नाकातोंडात, आणि पांघरायला मायच्या फाटक्या लुगड्यांची वाकळ. जिनिंग हिवाळ्यापुरतं चालायचं. मग बाबा मिळेल ते काम करायचे, आणि मिळालं नाही त्या दिवशी अंबाडीची भाजी जरा जास्तच पातळ व्हायची.

बाबांच्या हाताला बाजारात एक वेगळा मान होता. कापसाच्या गाड्या लागल्या की अडते त्यांना बोलावून न्यायचे. बाबा गाडीच्या बाजूला उभे राहून खांद्यापर्यंत हात कापसात घालायचे. डोळे भलतीकडेच, कुठं तरी कडुनिंबाकडे. वर दुधासारखा कापूस आणि पोटात पाणी मारलेला, किंवा किडक्या बोंडातली पिवळी कवडी दडवलेली, हे तर रोजचंच. हात बाहेर काढून ते बोटांचा वास घ्यायचे आणि गाडीवाल्याकडे न पाहता म्हणायचे, "वरून बरा हाये." गाडीवाल्याला ते पुरायचं. बाबा कुणावर विश्वास ठेवत नसत. आमच्यावरही नसत. मी शाळेतून पहिला नंबर सांगत आलो तर आधी विचारायचे, "पोट्टे किती होते?"

हे सगळं आज आठवायचं कारण म्हणजे कार्तिक संपलाय. अमरावतीच्या माझ्या घरासमोर कुणी बांधकाम काढलंय, आणि सकाळी खडीचा ट्रक खाली झाला. ऊन तिरपं, हवेत तुरीच्या शेंगांचा हिरवट वास, गल्लीच्या तोंडाशी शेंगांची हातगाडी. मी चपला घालून त्या खडीच्या ढिगाशी जाऊन उभा राहिलो. बहुतेक सगळा आपला काळा खडक. त्यात एक पांढुरका दगड दिसला. उचलला, पुसला आणि जिभेला लावला. समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या बाई तशाच थांबल्या. त्यांच्या चेहऱ्यावरचा संशय मला ओळखीचा वाटला. असा संशय एका हिवाळ्यात अख्ख्या गावानं माझ्यावर घेतला होता.

महाराष्ट्र नुकताच झाला होता, त्या सुमाराची गोष्ट. मी अमरावतीच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होतो आणि विषय होता भूगर्भशास्त्र. तो मी आवडीनं घेतला असं आता सांगता येईल, पण खरं म्हणजे तिथं जागा रिकाम्या होत्या. बाबांना मी हे शेवटच्या वर्षीच सांगितलं, तेव्हा त्यांनी बराच वेळ काडीनं दात कोरले.

"म्हणजे गोट्याईचं शिक्षण?"

"हव. खडक वळखाचे, त्यातले जुने जीव वळखाचे."

"गोटे वळखाले कालेज लागते?" बाबा म्हणाले. मग त्यांनी काडी फेकली. "शिक. पण ह्या हंगामात तू जीनवर नाई, हे ध्यानात ठेव. तुह्या जागेवर माय दोन पाळ्या करून राहिली. पुढच्या दिवाळीपर्यंत पास झाल्याचा कागद दिसला नाई, तं रेच्यावर उभा राहाचं. मंग गोटे अन् कालेज, दोन्हीचं नाव नाई काढाचं."

हे धमकीनं बोललेलं नव्हतं. गाडीतला कापूस पाहावा तसं त्यांनी मला पाहिलं होतं.

शेवटच्या वर्षी प्रत्येकानं स्वतः हिंडून नमुने गोळा करायचे, कुठल्या थरातून आणले ते सांगायचं, आणि प्रात्यक्षिकाच्या परीक्षेत ते सिद्ध करायचे असा आमच्या सरांचा दंडक होता. वकील-मास्तरांची मुलं चिखलदऱ्याला जाऊन काळ्या खडकाच्या पोकळीतले चकाकणारे स्फटिक घेऊन आली. देखणे होते. मला मात्र त्या काळ्या खडकाच्या खाली काय आहे ते हवं होतं. सरांनी एकदा वर्गात सांगितलं होतं की, लाव्हा पसरण्याआधी इथं जमीन होती, नद्या होत्या, तळी होती, आणि सरीसृपांचं राज्य होतं, म्हणजे पालीसरड्यांच्या जातीतल्या अजस्र जनावरांचं. ती जमीन लाव्ह्याखाली गाडली गेली. सातपुड्याच्या पायथ्याशी नाल्यांनी कापलं असेल तिथं तिचा काठ दिसतो. मी बाकावर सरळ झालो. चांदूर बाजारच्या वर, डोंगराला टेकून माझ्या मामाचं गाव आहे. तिथल्या नाल्यात काळ्या दगडाखालून पांढरा दगड निघतो हे मी लहानपणी पाहिलं होतं. आम्ही त्यानं भिंतीवर रेघोट्या ओढायचो.

तेव्हा तुरी पिवळ्या पडत होत्या, पऱ्हाटीवर कापसाची दुसरी वेचणी चालू होती, आणि मी खांद्याला पिशवी लावून मामाच्या दारात उभा राहिलो. पिशवीत हातोडी, छिन्नी, भिंग आणि पातळ आम्लाची बुचाची बाटली.

मामा हाडं बसवायचा. घसरलेला खांदा, मोडलेला हात, बैलाचा पाय, सगळं त्याच्याकडे यायचं. तीळतेल, बांबूच्या कामट्या आणि नाल्याकाठचा देव, एवढ्यावर त्याचं चालायचं. त्या देवाचं नाव हाडक्या. पळसाखाली शेंदरानं माखलेला, वीतभर उंचीचा, मधे बारीक आणि वर गोल डोकं असलेला दगड. हाड जुळलं, की माणूस मामासोबत तिथं यायचा, कामट्या सोडून पळसाला बांधायचा आणि हाडक्याला शेंदूर लावून जायचा. पळसाला पानांइतक्याच कामट्या होत्या. लहानपणी आम्हाला त्याची भीती वाटायची. नाव तसं का पडलं, हे मी विचारलं नव्हतं. हाडं जोडतो म्हणून हाडक्या, इतकं ते उघड होतं.

बहिणीचा मुलगा म्हणून साऱ्या गावाचा मी भासा. भाच्याला आमच्याकडे भासा म्हणतात आणि त्याच्या पाया पडतात. पण पाया पडून उठताना लोक माझ्या पिशवीकडे पाहायचे. मी नाल्यात दगड फोडायला लागलो, आणि गावात तऱ्हेतऱ्हेचे तर्क निघाले. कुणी म्हणे, गुप्तधनाचा नकाशा सापडलाय. कुणी म्हणे, सीलिंगचा कायदा येऊन राहिला, हा सरकारकडून जमीन पाहाले आला. मी पांढऱ्या दगडावर आम्लाचा थेंब टाकला आणि तो फसफसला, तेव्हा काठावर बसलेले गुराखी उठून मागे सरले. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की भाश्याच्या बाटलीतल्या पाण्यानं गोटा उकळते.

पाटलांनी पारावर बोलावलं. "भासेबुवा, बाटलीत काय हाये?"

"आम्ल. चुनखडकावर टाकलं की फेस येते. काळ्या गोट्यावर येत नाई."

पाटलांनी दोन्ही गोट्यांवर टाकून पाहिलं. "म्हणजे सोड्यावानी," ते म्हणाले. "अन् फेस आला तं काय भेटते?"

"काई नाई. वळख पटते."

"कोणाची?"

"गोट्याची."

पाटील मामाकडे वळले. "पोट्टं हुशार हाये. खरं सांगून नाई राहिलं."

मामीनं त्या दिवशी कणकेचे रोडगे भाजले होते आणि वांग्याची भाजी केली होती, गोवऱ्यांच्या राखेचा वास असलेली. वाढताना ती हळूच म्हणाली, "नामा, सोनं सापडलं तं आधी मले सांगजो. तुह्या मामाले नको."

पहिल्या फेरीत मला नाल्याकाठच्या शेतात हाडासारखे दिसणारे पांढरे, गाठीगाठीचे तुकडे मिळाले. एकाला तर सांध्यासारखं टोक होतं. मी ते मायच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून अमरावतीला नेले आणि सरांच्या टेबलावर मांडले. सर पुण्याचे. शब्द तोलून, धुऊन बोलायचे. त्यांनी एक तुकडा फोडला, भिंगातून पाहिला आणि माझ्याकडे सरकवला.

"वानखडे, तुमच्याकडे शेत आहे का?"

"नाही सर."

"शेतकऱ्याच्या मुलानं हे ओळखलं असतं. ही काळ्या मातीतली चुनखडी आहे. मातीतच धरते, मुळांभोवती धरते, म्हणून हाडासारखी दिसते. आत पाहा, काही रचना आहे? नाही. हाड म्हणजे जाळी असते. बारीक छिद्रं, ओळीनं. आणि एक गावठी परीक्षा सांगतो. जिभेला लावा. जुनं हाड जीभ धरून ठेवतं. अर्थात चुनखडीही थोडी धरते, म्हणून जिभेवर विश्वास ठेवू नका. भिंगावरही ठेवू नका. दोन्ही एक बोलले तर तिसऱ्यांदा पाहा."

मागच्या बाकावर कुणी तरी हसलं. मला राग आला, पण दुसऱ्याच एका गोष्टीनं मी चकित झालो होतो. हे तर बाबांचंच शास्त्र. वरचं पाहून बोलायचं नाही, हात आत घालायचा, वास घ्यायचा, आणि तरी गाडीवाल्याला म्हणायचं, वरून बरा हाये. संशय घ्यायला मला कुणी शिकवायची गरज नव्हती. आमच्या घरात तो पिढीजात होता. फक्त तो दगडावर घ्यायचा हे मला कॉलेजात कळलं.

दुसऱ्या फेरीला मी दिसेल तो दगड चाटत सुटलो. काळा खडक जिभेला गार आणि गुळगुळीत लागतो, काहीच बोलत नाही. मातकट खडक चिखलाची चव देतो. चुनखडी जरा ओढते आणि सोडते. माझ्या जिभेची साल गेली. मामीच्या ठेच्याला हात लावायची सोय राहिली नाही, आणि त्यामुळे मामीलाही माझा संशय यायला लागला.

एके सकाळी दव असतानाच मी पळसाजवळून चाललो होतो. उन्हाची तिरीप हाडक्यावर पडली होती आणि एका बाजूचा शेंदूर सुकून पापुद्रा सुटला होता. खालचा रंग जांभळट तपकिरी. नाल्यात असा दगड कुठंच नव्हता. मी थबकलो. मधे बारीक, वर गोल डोकं. इतकी वर्षं मी त्याला देव म्हणून पाहिलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा मला त्याचा संशय आला.

शेंदूर खरवडायची हिंमत नव्हती. पण देव जरा कलता होता, आणि खालच्या अंगाला कुणाचा हात पोचत नसल्यानं तिथं दगड उघडा होता. मी पोटावर आडवा झालो, मान वाकडी केली आणि जीभ लावली.

जीभ बसली. ओढली, तर आली नाही.

नेमक्या त्याच वेळी मामा एका म्हाताऱ्याला घेऊन आला. म्हाताऱ्याचा हात जुळला होता, कामट्या सोडायच्या होत्या. दोघांनी पाहिलं ते असं: भासा पालथा पडलाय, पाय पसरलेत, आणि देवाला चाटतोय.

"काय करून राहिला बे?" मामा म्हणाला.

मला बोलता येईना. जीभ सुटली तेव्हा मी म्हणालो, "मामा, हाडक्या हाड हाये."

म्हाताऱ्यानं कामट्या सोडल्याच नाहीत. जुळलेला हात तसाच गळ्यात बांधून तो गावाकडे चालायला लागला.

पारावर त्या दिवशी कापूस वेचणाऱ्या बायासुद्धा आल्या होत्या. करणी, असा शब्द मी ऐकला. दुसरा तर्क असा की, अकोटच्या लोकांनी मला देव पळवायला पाठवलंय. तिकडं जिनात लोकांची बोटं तुटतात, त्यांना हाडक्या पाहिजे. यात थोडी तरी अक्कल होती. मामा माझ्या शेजारी बसला नाही. समोर बसला. त्याचं सगळं पोट त्या देवावर होतं.

पाटील म्हणाले, "भाश्यावर हात उचलता येत नाई, हे तुह्यं नशीब. आता सांग, देवाले चाटून काय राहिला होता?"

मी सांगितलं. जुनं हाड जीभ धरते. काळा खडक वाहून यायच्या आधी इथं मोठाली जनावरं होती, हत्तीहून मोठी. त्यातल्या एकाचं हे हाड असावं. बोलता बोलता मलाच वाटलं की, सोन्याचा नकाशा जास्त खरा वाटला असता.

"कोणं पाह्यलं?" पाटलांनी विचारलं.

"कोणीच नाई. माणूस नव्हताच तवा."

"म्हणजे साक्षीदार नाई." ते हसले. मग हसू आवरून म्हणाले, "आइक. देवाले लोखंड लावाचं नाई. देवाले जीभ लावाची नाई. हाडक्या हाड असन, तं त्याचे भाऊबंद असतीन. त्याईले शोध. नाई भेटले, तं हातोडी मामाजवळ ठेव अन् येष्टीत बस."

मामाचा आजा सांगायचा की हाडक्या एका पुरात नाल्यातून आला. पूर दगड आणतो तो वरून. मी नाल्यानं वर निघालो. वाळूत त्या जांभळट रंगाचे कण शोधत, जिथं सापडतील तिथं खूण करत. खाली ते बारीक आणि गोल होते. जसजसा वर गेलो तसतसे मोठे आणि टोकदार झाले. पाणी त्यांना फार लांबून घासत आलेलं नव्हतं. एका वळणाच्या वर ते एकदम संपले. खूप वर गेलो, एकही नाही. मागे फिरलो आणि त्या वळणाशीच उभा राहिलो.

तिथं काठ उभा तुटला होता. माथ्यावर काळा खडक, आपल्या साऱ्या वऱ्हाडाचं छप्पर. त्याच्या खाली लाल-हिरवट माती, मग पांढरा गाठाळ चुनखडक, आणि त्यात वाळूचे दाणे. हे एका तळ्याचं किंवा संथ नदीचं पात्र होतं. तिथं गाळ बसला होता, पाणी आटलं होतं, पुन्हा भरलं होतं. मी हात लावला. थंडगार. त्या पांढऱ्यात एक जांभळट टोक डोकावत होतं.

मी लगेच पुढे झालो नाही. खाली बसलो, शेंगा सोलून खाल्ल्या. मला भीती वाटत होती, आणि ती ते हाड नसण्याची नव्हती, असण्याची होती. पुन्हा चुनखडी निघाली असती तर मी येष्टीत बसलो असतो, दिवाळीनंतर रेच्यावर उभा राहिलो असतो, आणि जगाबद्दलचा बाबांचा अंदाज खरा ठरला असता. ते सोपं होतं.

छिन्नीनं भोवतालचा खडक सोडवला. तुकडा हाताच्या मुठीएवढा. जिभेला लावला, धरला. तुटलेल्या कडेवर भिंग धरलं. जाळी. ओळीनं बारीक छिद्रं, आणि आत आत जाताना ती मोठी झालेली. मी तिसऱ्यांदा पाहिलं. मग चौथ्यांदा. तरी मनात म्हणत राहिलो, वरून बरा हाये.

पारावर मी तीन दगड ठेवले. काळा, चुनखडी, आणि हा. "तुमीच पाहा," म्हटलं. आधी कुणी उठेना. मग पाटलांनी धोतराच्या सोग्यानं तिन्ही पुसले आणि एकेक जिभेला लावले. तिसऱ्यापाशी त्यांचे डोळे मोठे झाले. त्यांनी दगड ओढून काढला आणि बराच वेळ जीभ तोंडात फिरवली.

"धरते बे," ते म्हणाले.

मग रांगच लागली. बाया पदराआड करून चाटायला लागल्या. मामी दोनदा आली. शेवटी मामा आला. त्यानं जीभ लावली नाही. अंगठ्यानं कडा चाचपली, डोळे मिटून, मोडका हात चाचपावा तशी. "नडगी हाये," तो म्हणाला. "डाव्या पायाची."

"मंग भाश्यानं नवीन काय सांगतलं?" पाटील म्हणाले. "आमी बापजाद्यापासून हाडक्याच म्हणून राहिलो."

हशा झाला, मीही हसलो. पण तेवढ्यावर भागणार नव्हतं, कारण माझा कागद पाटील देणार नव्हते.

सरांनी तुकडा खूप वेळ पाहिला. त्यांनी तो जिभेला लावला नाही, थेट भिंगाखाली घेतला. मग खुर्चीत मागे रेलले.

"हे हाड आहे."

मी तुकडा घ्यायला हात पुढे केला.

"हे तुम्हाला कुणी दिलं?"

"मी काढलं सर."

"मागच्या महिन्यात तुम्हाला चुनखडी ओळखता आली नाही, आणि या महिन्यात तुम्ही सरीसृपाचं हाड घेऊन येता. शिवाय तुम्हीच सांगता की तिथं याच रंगाचा एक देव आहे. देवाचा कोपरा फोडून आणला नाहीत कशावरून? जागेवरून काढलेलं नसेल, तर मी हा नमुना धरणार नाही. कुठल्या थरातलं ते सांगता आलं नाही, तर हाड काय आणि हाडूक काय."

गावात माझ्यावर देव चोरल्याचा संशय, आणि इथं देव फोडल्याचा. मागचा पुढचा विचार न करता मी बोललो, आणि घरच्या बोलीत बोललो.

"तुमी या सर. संग चाला. जागा दाखवतो."

सरांनी भिंग खाली ठेवलं. "येतो," ते म्हणाले.

येष्टीनं चांदूर बाजार, पुढं मामाची बैलगाडी. सरांनी डोक्याला मफलर गुंडाळला होता आणि प्यायचं पाणी बरोबर आणलं होतं. रस्त्यात त्यांनी एकदाच विचारलं, "वडील काय करतात?" मी म्हटलं, "कापूस तपासतात." जिनिंग म्हणालो नाही. तपासतात, हेच म्हणावंसं वाटलं.

नाल्याच्या त्या वळणाशी सर गुडघ्यांवर बसले. धोतर चिखलात गेलं, पण त्यांना भान नव्हतं. आम्ल टाकलं, माती बोटांत चुरली, काळा खडक कुठं टेकलाय ते वर चढून पाहिलं. गावातली निम्मी माणसं काठावर बसून त्यांचा संशय घेत होती. मग त्यांनी माझ्याकडे हात केला. मी तुकडा दिला. काठात जिथून तो निघाला होता ती खोबण अजून तशीच होती. सरांनी तुकडा फिरवला, पुन्हा फिरवला आणि आत सरकवला. तो बसला. एका बाजूची फट भरून आली, खडकातली पांढरी शीर तुकड्यावर चालत पुढं गेली.

तुकडा काढून त्यांनी माझ्या हातात ठेवला, दोन्ही हातांनी.

मग ते हाडक्यापाशी आले. लोक उभे राहिले. सरांनी पाटलांना विचारलं, "जरासा शेंदूर काढून पाहिला तर?" पाटलांनी मान हलवली. नाही. खालचं उघडं अंग सरांनी भिंगातून पाहायचा प्रयत्न केला, पण तिथं उजेड नव्हता. आता राहिली एकच परीक्षा, तीच गावठी. पाटलांचा हुकूम होता की देवाला जीभ लावायची नाही. आणि सर, सोवळ्यात वाढलेला माणूस, त्या ओल्या मातीकडे पाहत होते.

मामा पुढं आला. इतक्या दिवसांत तो माझ्याशी धड बोलला नव्हता. "लावू द्या, पाटील," तो म्हणाला. "मलेबी कळू द्या, मी कोणाच्या पाया पडतो ते."

पाटलांनी होकार दिला. सरांनी हाडक्याला आधी हात जोडले. मग मफलर काढून मामाच्या हातात दिला, आडवे झाले आणि मान वाकडी केली. आम्ही सगळे वाकून पाहत होतो. बराच वेळ झाला. सर उठेनात.

"काहून हो?" पाटलांनी विचारलं.

सरांनी हातानं खुणावलं की थांबा. जीभ अडकली होती.

उठल्यावर त्यांच्या ओठाला शेंदूर लागला होता. त्यांनी देवाचा आकार हातानं हवेत काढला, मधे बारीक, वर गोल डोकं. "बहुधा मणका," ते म्हणाले. "शेपटीचा. खात्रीनं सांगत नाही."

"नडगी," मामा म्हणाला.

"मणका असावा. हा गोळा पुढच्या मणक्याच्या खळग्यात बसतो."

"देवाले शेपूट?" मामा म्हणाला. सगळे हसले. सरही हसले, आणि मग त्यांनी मामीच्या हातचा रोडगा खाल्ला, गावचं पाणी प्यायले. त्यांची पाण्याची बाटली गाडीतच राहिली.

पुढं मी सरकारी नोकरीत विहिरीला पाणी कुठं लागेल ते सांगत फिरलो. शेतकरी माझ्याकडे त्याच नजरेनं पाहायचे, आणि मी म्हणायचो, वरून बरी हाये जागा. त्या गावी नंतर अनेकदा गेलो. हाडक्या तिथंच आहे, शेंदूर आणखी जाड झालाय. तो खरंच मणका आहे का, हे मला आजही ठाम सांगता येत नाही. सरांनाही आलं नाही. मोडकी हाडं तिथं जुळतात, एवढं मामा सांगायचा, आणि मी ते तपासायला गेलो नाही.

त्या उन्हाळ्यात निकाल लागला. मी अकोटला आलो. जीन बंद होतं, बाबा कडुनिंबाखाली बाजेवर बसले होते. मोठा तुकडा कॉलेजच्या कपाटात गेला होता, पण एक ढलपी सरांनी माझ्यापाशी ठेवू दिली होती. ती मी बाबांच्या हातावर ठेवली.

"किती जुनं?" त्यांनी विचारलं.

"कोट्यवधी वर्षं."

"कोणं मोजली?"

त्यांनी ढलपी उलटी केली, खालून पाहिली, बोटांनी दाबली, वास घेतला. मग माझ्याकडे न पाहता जिभेला लावली. कडुनिंबाकडे पाहत तशीच धरून ठेवली. शेवटी ओढून काढली.

"आतूनबी बरा हाये," ते म्हणाले.

मी बी.एस्सी. झालो. आमच्या घरातला पहिला. रेच्यावर मी उभा राहिलो नाही, आणि माझ्या दोन धाकट्या भावांनाही उभं राहू दिलं नाही.